देवणीच्या सोन्याला काळपुळी

आता स्वतःच्या तोंडाने काय सांगावं, पण ऐकाच! आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्याच्या इवल्याशा खड्यावर चिमूटभर माती ठेवायची. ते अवरक्त किरण सोडतं आणि पडद्यावर आलेखाची डोंगररांग काढतं. त्या डोंगरांवरून मातीत कोणत्या जिवाणूंचे बीजाणू आहेत, ते मी ओळखते. म्हणजे, असा माझा समज होता.

दसऱ्यानंतर देवणीहून मामांचा फोन आला. शेजारच्यांची गाय अचानक गेली होती.

"आपल्या गोठ्याची माती धाडलीय. बघ बरं, सोन्याला जनावरांच्या परदर्शनाला न्यायचाय."

सोन्या म्हणजे मामांचा देवणी वळू. मामींच्या हिशेबी घरातला थोरला मुलगा!

माती खड्यावर ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं. नेमके बीजाणूंच्या जागी डोंगर! काळपुळी! उभं जनावर आडवं करणारा रोग! विभागप्रमुख सरांना दाखवायचं सोडून मी आधी फोन लावला.

"मामा, सोन्याला गोठ्यातून हलवू नका!"

"काय बोलायलीस? लई झ्याक हाय की तो!"

"झ्याकच दिसतो हो, आणि अचानक जातो!"

पलीकडे मामींनी हंबरडा फोडला. तासाभरात गावानं मामांच्या दारावरून जाणं सोडलं. प्रदर्शनाचा टेम्पो सोन्याशिवाय गेला.

दुपारी सर आले. "रिकामा खडा तपासलास का?"

"रिकाम्यात काय तपासायचं, सर?"

तपासला. तेच डोंगर! माती नाही, काही नाही, तरी तेच! "सर, रोग यंत्रात शिरला!" असं किंचाळत मी अख्खा विभाग अंगणात काढला.

शिपाई गंगाधरकाका तेवढे आत राहिले. खड्यावर वाकून म्हणाले, "म्याडम, हे पिवळं काय हाय? खंडेनवमीला मशीनची पूजा तुम्हीच केली न्हाई का? टिळा बरोब्बर हितंच लावला हुता!"

हळद! तेलात कालवून, डोळे मिटून, भक्तिभावानं, मीच लावलेली!

खडा स्पिरिटनं पुसला, माती पुन्हा ठेवली. तसला एकही डोंगर नाही! संध्याकाळी कळलं, शेजारच्यांच्या गाईला साप चावला होता. मला इतकी लाज वाटली की मामांना फोन करून हळदीचा प्रकार सरांनीच सांगितला.

दिवाळीत देवणीला गेले. मामी ओवाळायला ताट घेऊन आल्या. हळदीत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळापाशी थबकल्या. गोठ्याकडं एकदा बघितलं आणि मामांना हाक मारली,

"अवं, हिला हळद लावू का? न्हाई तर पुन्हा सोन्याला काळपुळी निघायची!"