आप्पांची कूस बदलताना

दौंडच्या डॉक्टरांनी आप्पांना कुशीवर केलं आणि कमरेखालची पट्टी सोडवली. आप्पा म्हणजे माझे वडील. माकडहाडाच्या वर आम्ही ज्याला लालसर चट्टा समजत होतो, तिथं आता काळी कातडी होती आणि तिच्याखाली पू.

"प्रेशर अल्सर आहे. स्टेज थ्री."

लोक याला बेडसोर म्हणतात. माणूस एकाच बाजूवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, तिथं रक्त पोचत नाही आणि ते आतून मरत जातं. स्टेज थ्री म्हणजे कातडीखालच्या चरबीपर्यंत गेलेली जखम. वर दिसते तेव्हा आत बरंच होऊन गेलेलं असतं.

"पण दुखत तर न्हाई काही, साहेब," आप्पा म्हणाले.

"तीच तर अडचण आहे."

मोटारसायकल घसरून आप्पांच्या मणक्याला मार बसला होता. स्पायनल कॉर्ड, म्हणजे मणक्यातून जाणारी मुख्य नस, दुखावली. कमरेखालचं सगळं गेलं, संवेदनाही गेली. पुण्याहून घरी सोडताना दर दोन तासांनी कूस बदला असं सांगितलं होतं. आई आणि मी बदलत होतो, पण कामाच्या धबडग्यात वेळ पुढंमागं व्हायचा.

मी घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली. त्यामुळं डॉक्टर जे सांगतील ते मलाच सांगायचे. सगळंच मला कळायचं असं नाही, मग मी घरी येऊन शब्द शोधायचे.

डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. याला डिब्रीडमेंट म्हणतात. आप्पांनी एकच विचारलं, "व्हीलचेअरवर कवा बसायचं?" ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. खुर्चीत बसून डेअरीपर्यंत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, "जखम भरली तर. बसल्यावर सगळं वजन तिथंच येतं."

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आम्हाला एक सेन्सर वापरायला दिला. काडेपेटीपेक्षाही लहान. तो छातीवर चिकटवायचा. शेवटची कूस बदलून किती वेळ झाला हे तो मोजतो. वेळ झाली की मोबाईल वाजतो आणि कूस बदलली की पडद्यावर हिरवी पट्टी येते. दाब किती आहे हे त्याला कळत नाही, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. ते आम्ही ऐकलं, पण त्याचा अर्थ पुढं कळला.

आमच्या वडगाव रासाईत कुणी अंथरुणाला खिळलं की भेटायला माणसं येतात. आप्पांकडं तर रीघच. गावातल्या नानांनी छातीकडं बोट दाखवून विचारलं, "काय चेअरमन, बिल्ला कसला? परत उभं राहताय का काय?"

"न्हाई हो नाना. माझ्यावर पाळतीला ठेवलाय. जरा पडून राहिलो की बायकोला फोन लावतो."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, खूप दिवसांनी.

पडदा माझ्या मोबाईलवरही दिसायचा. शिरूरला कॉलेजात तास संपला की मी बघायचे. हिरव्या पट्ट्या ओळीनं असायच्या. मला वाटायचं, आता भरणार.

पुढच्या ड्रेसिंगला दौंडला गेलो तर जखम भरायच्या ऐवजी आत खोल गेली होती. ड्रेसिंग करताना डॉक्टरांच्या चिमट्याला काहीतरी कठीण लागलं. ते हाड होतं. स्टेज फोर. मी त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी तो बघितला, मग आप्पांकडं बघितलं.

"आप्पा, कूस कशी बदलता? करून दाखवा."

आप्पांनी कॉटचा गज धरला आणि खांदे भिंतीकडं वळवले. मोबाईलवर हिरवी पट्टी आली. कंबर जागची हललीच नव्हती. हात सोडल्यावर ते परत उताणे झाले; पट्टी एकदा आली की पुढच्या गजरापर्यंत तशीच राहायची.

आई म्हणाली, "अवो, मी उठवायला आले की तुम्हीच म्हणायचा ना, झालं माझं, तू च्या ठेव?"

आप्पांनी मान डॉक्टरांकडं वळवली. मग म्हणाले, "आमची कॉट भिताडाला हाय, साहेब. डाव्या कुशीला झालं की तोंड भिताडाकडं. लोक येळ काढून येत्यात. त्यांच्याकडं पाठ करून झोपू व्हय?"

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तपासात ऑस्टिओमायलायटिस निघाला, म्हणजे हाडात जंतू गेले होते. शिरेतून औषधं सुरू झाली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. आप्पा वाळत गेले. मांडीचं मांस फिरवून जखम झाकायचं ऑपरेशन असतं, पण अंगात ते सोसायची ताकद नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. जखम कदाचित कधीच भरणार नाही. आता नवी होऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

हे आईला कसं सांगावं ते मला कळेना. मी नुसतं म्हणाले, "खुर्चीचं राहू दे." तिला समजलं.

मॅडमनी सेन्सर छातीवरून काढून मांडीच्या पुढच्या बाजूला लावला. आता कंबर आणि पाय वळल्याशिवाय पट्टी हिरवी होत नाही. भांडगावहून आत्या आली. तिनं पहिल्याच दिवशी कॉट खोलीच्या मध्ये ओढली आणि भिंतीच्या बाजूलाही दोन खुर्च्या टाकल्या. आप्पांचं तोंड जिकडं, तिकडं माणसं बसवायची. काहीजण कॉटला वळसा घालताना अवघडतात. आत्या त्यांना हाताला धरून नेते.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना मी काय सांगणार? यंत्र लावा, उपयोग होतो. आमच्या आप्पांच्या टाचा आणि खुबे अजून शाबूत आहेत, ते त्याच्यामुळंच. पण रोज एकदा पांघरूण काढून स्वतःच्या डोळ्यांनी कातडी बघा. आणि तुमचं माणूस कुणासाठी अवघडून पडलंय, तेही विचारा. दौंडच्या डॉक्टरांनी करून दाखवा म्हटलं म्हणून ते आम्हाला कळलं, हे उपकार आम्ही विसरणार नाही.

परवा नाना आले. आप्पांना नुकतंच डाव्या कुशीला केलं होतं आणि त्या बाजूच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. बसलेली माणसं उठायला लागली. नानांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि दाराकडच्या बाजूला आप्पांच्या पाठीमागं बसले. आप्पांचे खांदे वळायला लागले. त्यांचा हात गजाकडं गेला, तिथं थांबला आणि परत उशीवर आला.

"बोला नाना," ते तसेच पडून म्हणाले. "ऐकतुया मी."