वच्छलाचं किडेखाऊ झाड

घरी इन्व्हर्टर नसताना बॅटरीचं पाणी विकत घेणारी बाई आमच्या अकोटात एकच, माही शेजारीण वच्छला. दुकानदारबी हासे तिले. हासू दे मेल्याले! त्याले काय माहीत तिचा जीव कशात अडकला थे?

तिच्या पोरीनं, आकांक्षानं, अमरावतीले शिकताना एक झाड आणलं होतं, दवबिंदू. बोटभर जीव, पानाच्या लाल केसायवर चिकट थेंब. चिलट बसलं का खल्लास! त्याले ना आमची काळी माती चाले, ना बोअरचं खारं पाणी; म्हणून थे बॅटरीचं बिनखाराचं पाणी. मंग पोरीनं आपल्या मनानं लगन केलं, अन् तिचे बाबा पंजाबराव म्हणाले, "या घरात तिचं नाव घ्याचं नाही." झाड तेवढं मागं राह्यलं.

पोरगी दर आईतवारी मायले फोन करे. बाप घरात बसलेला, म्हणून बोलणं फक्त झाडाचं. "थेंब हायेत?" "हायेत." वच्छला मले म्हणे, "शकुन, हे मेलं तं पोरगी कोणत्या निमित्तानं फोन करीन वं?" नवऱ्यापुढं तिनं जन्मात शब्द काढला नाही. कुंडीले मात्र जिवापाड जपे.

अन् एक दिवस पाह्यलं तं पानं काळी ठिक्कर! वच्छला धाय मोकलून रडून राहिली होती. पंजाबराव तोंड पाडून उभे. त्यायनंच चिमूटभर युरिया टाकला होता. "उपाशी दिसे," म्हणे. करायले गेले काय अन् वरती झाले पाय! कपाशीले चालते, याले थे जहर हाये. अन् पोरीचं नाव नको, तं तिच्या झाडाची काळजी कायले, बाप्पा? मले तं असा राग आला!

आईतवारी फोन आला, तवा मी तिथंच होती. स्पीकर चालू. पोरीनं पुसलं, "थेंब हायेत?" पंजाबरावनं फोन ओढून घेतला.

"म्या मारलं तुह्यं झाड. खत देल्लं."

आकांक्षा हळूच बोलली, "बाबा, दुसरं पाठवू?"

"पाठवू नको. घेऊन ये."

"संग त्यायलेबी आणू?"

पंजाबरावचा चेहरा कडक झाला. फोन खाटेवर ठेवला अन् अंगणात निघून गेले. मले वाटलं, संपलं सारं.

वच्छलानं फोन उचलला. अन् बोलली ते अंगणातच काय, गल्लीतबी ऐकू गेलं.

"आण वं माय! माह्या जावयालेबी आण. दार मी उघडीन!"