त्रेचाळीस नंबरची जागा

१. गेल्या शनिवारी पहाटे आजी गेली. अलिबागला, घरीच.

२. कॅन्सर होता. हाडांत पसरला होता.

३. पसरलाय हे घरात सगळ्यांत आधी मी पाहिलं. स्क्रीनवर. मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. तिचा बोन स्कॅन मीच केला.

एवढं लिहून थांबणार होते.

इंजेक्शन दिल्यावर स्कॅनसाठी तीनेक तास थांबावं लागतं. मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले. पेशंटच्या अंगातून किरणं येत असतात, म्हणून तसा नियम आहे.

"एवढी लांब का गो? म्हावऱ्याचा वास येतो व्हय माझा?"

आयुष्यभर अलिबागच्या बाजारात मासे विकलेली बाई.

"नियम आहे, आजी."

"काय टोचलंस ता?"

"टेक्नेशियम. रोज सकाळी ताजं काढतो. सहा तासांत निम्मं होतं, पुढच्या सहांत त्याचं निम्मं."

"म्हंजे म्हावऱ्यासारखं. सकालचा भाव दुपारला न्हाय."

मी कॉलेजात हे इतक्या सोप्या भाषेत शिकले नव्हते.

"खानीत गावतं काय?"

"नाही. माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य आहे ते. तक्त्यात त्रेचाळीस नंबरची जागा कितीतरी वर्षं रिकामी होती. सापडलं म्हणून लोक नावं द्यायचे, मग ते खोटं निघायचं. शेवटी १९३७ मध्ये मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात सापडलं. त्या पत्र्यावर मशिनमध्ये अणुकणांचा मारा केला होता."

"मंग नाव कवा ठेवलं?"

"दहा वर्षांनी. सत्तेचाळीसला."

"धा वर्सं बारसं न्हाय?"

"नाही."

ती मग म्हणाली,

"पन जागा व्हती ना त्याची?"

"हो. जागा होती."

"माझी पयली पोर. तुझ्या बापाच्या आधीची. बाराव्याला बारसं व्हतं, धाव्यालाच गेली. नाव कोनी इचारलंच न्हाय."

साठ-बासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. बाबांनाही माहीत नव्हती.

"तू ठरवलं होतंस नाव?"

"ठरवलं व्हतं तर! पालन्यात घालताना सांगनार व्हते."

"काय?"

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला.

"घरी गेल्याव सांगन," ती म्हणाली.

उठताना तिने आधारासाठी हात पुढे केला. मी दोन खुर्च्या ओलांडून तो धरला, आणि स्कॅनच्या टेबलापर्यंत सोडला नाही.

मग स्क्रीनवर पाठीचा कणा, बरगड्या, खुबा उजळत गेले. मी इमेज सेव्ह केल्या. बाहेर येऊन तिला म्हटलं, "पाणी भरपूर पी."

घरी गेल्यावर दुखणं एवढं वाढलं, की ती फक्त पाणी मागायची आणि कूस बदलून द्यायला सांगायची. नावाचं राहून गेलं.

टेक्नेशियम दोन दिवसांत तिच्या अंगातून संपलं. मी हे रोज पेशंटना सांगते. आता मला त्याचंही वाईट वाटतं.

आजी, नीट जा. आता मी लांब बसणार नाही.

येत्या गुरुवारी तेरावं आहे. आजीच्या पानाशेजारी तिच्या पोरीचंही पान वाढायचं आहे, आणि पान ठेवताना नाव घ्यावं लागतं. आजीबरोबर बाजारात बसणाऱ्या कुणाला, दिघीच्या तिच्या माहेरी कुणाला, ते नाव ती कधी बोलली असेल, तर मला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा.

नाव मिळालं नाही तरी पान ठेवणार आहे.

पण मंगळवारपर्यंत कळवा.