दरबारचं पाणी

जुन्या संस्थानी राजधानीत, राजवाड्याजवळच्या गोरखी भागात आमच्या घरासमोर एक माजी दरबारी अंमलदार राहायचे. संस्थान विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली, तरी यांची ऐट काही उतरली नाही. देवळातून नारळाच्या शेंड्या आणून ते कुटायचे, खार निघावा म्हणून पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुवायचे आणि कुंड्यांत भरायचे. एवढं करून वर घालायचे काय, तर जुन्या महालाच्या विहिरीचं खारट पाणी.

मी एकदा म्हटलं, "काका, गल्लीत नवा नळ आलाय, त्याचं घाला ना."

"तो नळ नव्या सरकारचा. माझी रोपं दरबारचं पाणी पितात."

पानं करपली तेव्हा म्हणाले, "भोपाळची हवा लागली, और क्या."

स्वतःचा माठ मात्र ते नळावरच भरायचे. विहिरीचं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणे.