वारज्याच्या हॉलमधलं चित्र

बाबा गेल्यानंतर आई वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहू लागली आणि दोन महिन्यांत दोनदा पडली. मी नवऱ्याबरोबर बेंगळुरूला. दोघंही आयटीत, म्हणजे पगार बरा आणि सवड नावाला नाही. आईला तिकडे यायचं नव्हतं. मग घरात कॅमेरे बसवायचे आणि मी तिकडून मोबाइलवर बघायचं, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. आईला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

कॅमेरेवाल्याने एका सकाळीत काम उरकलं. एक कॅमेरा दाराबाहेर, एक हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीच्या वर, रेकॉर्डर टीव्हीखाली. टीव्हीवर चित्र स्वच्छ, मोबाइलवर मात्र काहीच नाही. इंटरनेटचं तुमचं तुम्ही बघा, म्हणून तो गेला. कंपनीत मी परक्यांची नेटवर्कं सांभाळते, त्यामुळे मला ते किरकोळ वाटलं. त्या किरकोळ कामात माझ्या रजेचे चार दिवस गेले. बाहेरून रेकॉर्डरपर्यंत पोचायला राउटरमध्ये वाट करून द्यावी लागते, ती मी दिली. पण वीज जाऊन आली की आमच्या इंटरनेटचा पत्ताच बदलायचा, आणि मोबाइल जुन्या पत्त्यावर धडका मारत बसायचा. हेल्पलाइनवाल्यांचं एकच पालुपद, आमच्याकडून सगळं ओके आहे मॅडम. शेवटी अर्ज-विनंत्या करून न बदलणारा पत्ता मिळवला.

खाली रस्त्यावर गेले, मोबाइलचं घरचं वायफाय बंद केलं आणि बघितलं. आई दिसली. सोफ्यावर पाय वर घेऊन, ऐसपैस, मटार सोलत बसलेली. मला इतकं भरून आलं की तिथेच रिक्षास्टँडजवळ रडले.

मग वर जाऊन शहाणपणा केला. नवरा मला न्यायला आला होता. त्याच्याही फोनवर चित्र लावून दिलं आणि आईला कौतुकाने सांगितलं, की आता तू आम्हाला दोघांनाही दिसणार. तिने त्याच्या फोनकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि चहा टाकायला गेली. तिचं माहेर मांजरी गावाकडचं, जुन्या वळणाचं. जावई घरात असला की ती खुर्चीत बसत नाही, हे मी लग्नापासून बघत आले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बेंगळुरूहून बघावं तर हॉल रिकामा. सकाळी डोक्यावर पदर घेऊन ती केर काढून जायची, की मग दिवसभर नाही. शेजारच्या काकूंकडून कळलं की तिने सगळं बस्तान स्वयंपाकघरात हलवलंय. जेवण, पेपर, दुपारची झोप, सगळं फरशीवर चटई टाकून. मी चिडून फोन केला.

"जावई बगत असत्याल," ती म्हणाली. "त्यांच्या म्होरं पाय पसरून बसू व्हय?"

मी नवऱ्याच्या फोनवरून ते काढून टाकलं, तिला शपथेवर सांगितलं. ती बरं म्हणाली आणि होती तिथेच राहिली. स्वयंपाकघरात एक कॅमेरा लावू का, असं विचारलं.

"येवढी एक खोली ऱ्हाऊ दे मला."

मी भांडले, आणि मग कामाच्या रगाड्यात विषय मागे पडला. वाईट हे की पूर्वी मी रोज दुपारी तिला फोन करायचे, तो बंद झाला. मीटिंगमधून हळूच हॉल उघडायचा, सगळं जागच्या जागी दिसायचं, आणि कर्तव्य केल्यासारखं वाटायचं. त्या वाटण्याची आजही किळस येते.

ती पडली त्या दिवशी मी तीनदा बघितलं. सोफा, टीपॉय, बंद टीव्ही. तिन्ही वेळा चित्र उत्तम होतं. संध्याकाळी काकूंनी बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून त्यांच्याजवळच्या किल्लीने त्या आत गेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळपासून ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर होती.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये पोचले. ऑपरेशन केलं तरी ती पुन्हा चालेल असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ती चाललीही नाही. त्या दिवशी तिच्याजवळ बसून मला एकच खुपत होतं. स्वयंपाकघराच्या दारापासून हॉल चार हातांवर. थोडी जरी पुढे आली असती तरी मला दिसली असती. न राहवून मी तिला विचारलं, तुला सरकताच येत नव्हतं का गं?

"आले की दारापत्तूर," आई म्हणाली. "पर लुगडं पार वर गेलेलं, वलं झालेलं. सावरंना. मंग परत मागं सरले."