तुरटी न फिरवलेलं पाणी

पाण्याचा पेला हातात आला की आमचे केमिस्टसाहेब तो आधी उजेडासमोर धरत, एक डोळा मिटून न्याहाळत आणि मगच तोंडाला लावत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "साहेब, पाणी आहे, हिरा नाही," असं आम्ही चिडवायचो. ते म्हणायचे, "बघायला काय जातंय रे?"

लालबागची आमची चाळ आणि मिल यांच्यामध्ये एक भिंत. पलीकडच्या रंगखात्यात मी कापड रंगवायचो आणि केमिस्टसाहेब आमच्या डोक्यावर. पण संध्याकाळी तेच साहेब आमच्या उंबऱ्याशी उभे राहून "वहिनी, चहा झाला असेल तर घोटभर" म्हणायचे. झाला नसेल तरी हलायचे नाहीत.

रंगखात्याचं उरलेलं पाणी म्हणजे ॲसिड, तुरटी आणि कसले कसले क्षार. ते चुन्याच्या टाकीत घालून, त्यातलं ॲसिड मारून मग सोडायचं, अशी पद्धत. ती टाकी फुटली. दुरुस्तीसाठी खातं बंद ठेवायला वरचे तयार होईनात. तेव्हा साहेबांनी भिंतीलगत एक खड्डा खणून घेतला. "तेवढ्यापुरतं इथं ओता. माती धातूला धरून ठेवते रे, सोडत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आम्ही ओतत राहिलो. तेवढ्यापुरतं म्हणता म्हणता वर्षं गेली, टाकी तशीच राहिली.

मग संप झाला. मिलचे भोंगे थांबले, तसे तिथल्या बोअरिंगचे पंपही थांबले. जमिनीखालचं पाणी हळूहळू वर चढलं आणि चाळीच्या मागची आमची विहीर, जिच्या तळाशी नुसता गाळ असायचा, ती भरली. नळ जेमतेम येत होता, घरात सगळे पुरुष बसून, अशा दिवसांत! माझी बायको मालवणची. पहिली कळशी काढून ती ओरडलीच, "अवो, पानी बघा कसा लख्ख आसा! तुरटी फिरवूक नको!" बायकांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं. संप आता कितीही लांबू दे, असं आम्हाला वाटलं.

साहेबही आले. बायकोनं पेला पुढे केला. त्यांनी उजेडासमोर धरला आणि तसाच धरून राहिले. न पिता खाली ठेवला. एरवी इतकं बोलणारा माणूस, चहासुद्धा न मागता गेला.

डासांसाठी म्हणून मग म्युनिसिपालिटीचा माणूस विहिरीत गप्पी मासे सोडून गेला. दुसऱ्या दिवशी ते सगळे उलटे तरंगत होते. मासेच रोगट होते, असं आम्ही ठरवून टाकलं. धुण्यानं बायकोचे हात सोलवटले, तो दोष साबणाला दिला.

त्या संध्याकाळी साहेब चाळीच्या चौकात उभे राहिले. मान खाली. "विहीर वापरू नका. पाण्यात धातू आहे. खड्डा मी खणायला लावला. चूक माझी आहे."

"मालकानं पाठवलंय काय तुम्हाला?" कुणीतरी ओरडलं. "पाणी तोडलं की आम्ही गावी पळू, संप मोडेल, असंच ना?" सगळा चौक त्यांच्यावर तुटून पडला. पाणी तर काचेसारखं दिसत होतं, मग विश्वास कोण ठेवणार?

मग साहेबांनी काय करावं? काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळं, आणली. पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक नळाच्या पाण्यात आणि एक विहिरीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवली, वाळवली. दोन्ही मंजिष्ठेच्या एकाच पातेल्यात उकळल्या. चौकात सगळ्यांसमोर साबण लावून चोळल्या. नळाच्या पाण्यातल्या पट्टीचा रंग निघून गेला. विहिरीतली लालच राहिली.

आता आम्ही सगळे रंगखात्यातले. तुरटीत भिजवल्याशिवाय कापडावर हा रंग बसत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

"तुरटीतलाच धातू हा," साहेब म्हणाले. "मातीच्या कणाला चिकटलेला असतो, तेव्हा कुणाच्या वाटेला जात नाही. आपण इतकं ॲसिड जिरवलं, की मातीनं त्याला सोडलं. आता तो पाण्यात मोकळा फिरतोय. गाळ खाली बसवतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. माशांच्या कल्ल्यांवर बसतो, म्हणून ते मरतात. माती धरून ठेवते, असं मीच सांगत होतो ना?" एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. त्यांच्याकडे बघण्याची आम्हालाच लाज वाटली. ज्यानं मालकाचं नाव काढलं होतं, त्यानंच विहिरीवर टाकायला पत्रा आणला.

पाणी गेलं. बरीच बिऱ्हाडं गावाला गेली. संप मोडला असं कुणी म्हटलंच नाही, पण मिल पुन्हा उघडली नाही. साहेबांना कुणी बोल लावला नाही, उलट माझी बायको मुद्दाम चहाला हाक मारायची. ते यायचे, पण उंबऱ्याबाहेरूनच, "नको वहिनी, तहान नाही." चाळीत कुणाकडेही त्यांनी पुन्हा पाण्याचा घोट घेतला नाही. आपल्या हातून बिघडलेलं पाणी दुसऱ्याच्या हातून कसं मागायचं, असं त्यांना वाटत असावं. मला ते बघवत नसे.

आता ते नाहीत. गावी गेले आणि तिकडेच वारले. पण त्यांनी मुंबईतली खोली सोडली त्या दिवशी निरोपाला आले होते. पावसाचे दिवस. नळाला गढूळ पाणी येत होतं. बायकोनं तुरटी हातात घेतली, थांबली, परत फडताळात ठेवली आणि तसंच पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. "घेवा, भावजी. नळाचा आसा."

साहेबांनी पेला उजेडासमोर धरला. एक डोळा मिटला. मातीचे कण पाण्यात हलत होते. बराच वेळ ते बघत राहिले.

मग सगळा पेला एका दमात प्यायले आणि रिकामा पेला पुढे करून म्हणाले, "वहिनी, आणखी थोडं."