कानाच्या दुकानातल्या इंजिनीअरबाई

“परत एकदा बोला. अगदी तसंच बोला, शब्द बदलू नका.”

दुकान माझं, गिऱ्हाईक माझं, आणि हे वाक्य मात्र त्यांचं. समोरचे आजोबा “मशीनमधून नुसती खरखर येते हो” असं म्हणाले की मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे वाक्य यायचं. आजोबा गोंधळून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, “सांगा त्यांना. त्या इंजिनीअर आहेत.” मग आजोबा खूष. आपल्या तक्रारीसाठी दुकानदाराने इंजिनीअर ठेवली आहे, असा बऱ्याच जणांचा समज होता, आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही.

वसईत एव्हरशाईन सिटीच्या बाहेर माझं कानाच्या मशीनचं दीड खोलीचं दुकान आहे. अर्ध्या खोलीत कान तपासायची बंद केबिन. उरलेल्या खोलीत मी, एक टेबल, चार खुर्च्या आणि दिवसभर ओरडून बोलणारी माणसं. ज्याला कमी ऐकू येतं तो एक वेळ हळू बोलेल. त्याच्याबरोबर आलेलं घरचं माणूस मात्र हमखास ओरडतं. तुम्ही कधी अशा दुकानात बसला असाल तर सांगायला नको, तिथे कुणाच्याच घरची गोष्ट घरात राहत नाही.

त्या पहिल्यांदा आल्या त्या सासूबाईंना घेऊन. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, मूळच्या कोकणातल्या, अंगाने काडी आणि जिभेने तलवार. मशीन शिट्टी मारतं अशी तक्रार होती. मी बघितलं, कानातला साचा सैल झाला होता. नवा घ्यावा लागेल म्हटलं. एरवी गिऱ्हाईक इथे “कधी मिळेल?” असं विचारतं. यांनी विचारलं, “शिट्टी येते कुठून?”

मी सांगितलं, की मशीनने मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर येतो, परत मशीनच्याच माइकमध्ये शिरतो, परत मोठा होतो, असं गोल गोल चालतं.

“म्हणजे स्वतःचाच आवाज ऐकून ते ओरडायला लागतं.”

“बरोबर.”

“आमच्या ऑफिसात असे दोघं आहेत,” त्या गंभीरपणे म्हणाल्या.

ऑफिस ऐरोलीला, परदेशी कंपनीचं. दोन दिवस तिकडे जायचं, बाकीचे दिवस घरून काम. “मी चिप डिझाइन करते,” असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे केळ्याचे वेफर्स आले. वसईतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार! मग त्यांनी सासूबाईंचं मशीन हातात घेऊन आतला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा तुकडा दाखवला. तो तुकडा म्हणजे चिप. त्यावरची लाखो जोडण्यांची आखणी कुणीतरी माणसं बसून करतात, आणि गेली बावीस वर्षं त्या तेच काम फोनच्या चिपसाठी करत होत्या.

पुढच्या शनिवारी त्या एकट्याच आल्या. साचा घ्यायला आल्या आणि दोन तास बसल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीही घ्यायचं नव्हतं, तरी आल्या. मी चहा सांगितला आणि विचारलं, “मॅडम, तुम्हाला इथे एवढं काय सापडतं?”

“दादा, बावीस वर्षांत मी केलेल्या वस्तूला तोंडावर शिव्या देणारा माणूस मला भेटलेला नाही. तुमच्याकडे दिवसाला दहा येतात.”

मी याला माझं दुर्दैव समजत होतो. त्यांना ती श्रीमंती वाटत होती.

त्या शनिवारांमध्ये त्यांनी एक शंभर पानी वही भरली. कुणाला कुकरची शिट्टी टोचते, कुणाला पंख्याखाली सुनेचं बोलणं ऐकू येत नाही, कुणी जेवताना मशीन काढून ठेवतो कारण पापड त्याच्या डोक्यात फुटतो. माणसं काय बोलतात ते शब्दांत शब्द लिहून ठेवायच्या. “ही माणसं इंजिनीअर नाहीत, म्हणून ती बरोबर सांगतात,” असं त्यांचं म्हणणं.

जवळच्या नंदाखाल गावचे दुमिंगकाका त्यांना असेच माझ्याकडे भेटले. काकांची केळीची वाडी, आणि चर्चच्या गायनमंडळात चाळीस वर्षं खालच्या पट्टीत गायलेले. मशीन लावल्यापासून त्यांनी गाणं सोडलं होतं. मी तीनदा सेटिंग बदलून दिलं, उपयोग झाला नाही. वयामुळे असेल, असं मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

“काका, काय होतं नक्की?”

“ऑर्गनचा सूर लांबला ना, की मशीनमध्ये तो शेळीसारखा थरथरतो. मग मला माझाच सूर सापडत नाय.”

“परत एकदा सांगा. तसंच. नाही, गाऊनच दाखवा.”

आणि एकोणऐंशी वर्षांचे काका माझ्या दुकानात, इतर तीन गिऱ्हाइकांसमोर, उभे राहून गायले. आधी लाजत, मग डोळे मिटून. सुरू झालं तसं तिघांमधल्या एका आजींनी आपलं मशीन नीट कानात खोचलं. गाणं संपलं तेव्हा बाई काही लिहीत नव्हत्या. पेन तसंच हातात होतं.

त्या रविवारी त्या नंदाखालच्या चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला जाऊन बसल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, “काकांच्या कानाचा दोष नाही. मशीनला वाटतं की लांबलेला सूर म्हणजे आपलीच शिट्टी, म्हणून ते त्या सुराचा गळा दाबायला जातं. हे चिपमध्येच सुधारायला हवं. सेटिंगने होणार नाही.”

मी सतरा वर्षं हा धंदा करत होतो. मला खाली बघावंसं वाटलं.

त्याच सुमारास त्यांच्या कंपनीने त्यांना डायरेक्टर करायचं ठरवलं. बंगळूरला जायचं, हाताखाली शंभर माणसं, मोठं घर. वय सत्तेचाळीस, लोक ज्या जागेची वाट बघतात ती जागा. पण डायरेक्टर झाल्यावर स्वतः आखणी करायची नसते, दुसऱ्यांच्या आखणीवर मीटिंगा घ्यायच्या असतात. आणि बाईंनी तोवर गुपचूप दुसरंच काही केलं होतं. पुण्यात एक लहानशी कंपनी कानाच्या मशीनसाठी चिप करत होती. त्यांना यांनी वहीतली अकरा पानं टाइप करून पाठवली होती. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीहून आल्या त्या थेट दुकानात. खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, पण ते हसणं बरं नव्हतं.

“नापास झाले, दादा.”

“तुम्ही?”

“तिथला साहेब एकतीस वर्षांचा आहे. त्याने आवाजाच्या गणितातला एक साधा प्रश्न विचारला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. मला आठवेना. बावीस वर्षं त्याची गरजच पडली नव्हती. फळ्यासमोर खडू घेऊन उभी होते मी, शाळेतल्यासारखी.”

“मग?”

“मग मी म्हटलं, एक महिना द्या आणि हाच प्रश्न परत विचारा.”

तो महिना मी जवळून बघितला. घरी मुलीची बारावी, नवऱ्याची कामावरून यायची वेळ, सासूबाईंचा टीव्ही. म्हणून ऑफिस आटोपलं की त्या माझ्या केबिनमध्ये येऊन बसायच्या. त्या केबिनमध्ये बाहेरचा आवाज जात नाही. काचेतून दिसायचं, केस मागे बांधलेली, चष्मा कपाळावर चढवलेली बाई कॉलेजचं जुनं पुस्तक उघडून गणितं सोडवते आहे, चुकते आहे, खोडते आहे. गिऱ्हाइकाचा कान तपासायचा असला की निमूट पुस्तक उचलून बाहेर यायच्या, खुर्चीत बसून तेच गणित पुढे चालू. मोठ्या माणसाने परत लहान व्हायचं ठरवलं की ते दिसायला कसं दिसतं, हे मला त्या काचेतून कळलं.

महिन्याने त्यांना तोच प्रश्न विचारला गेला, आणि आणखी सहा. पुण्याने हो म्हटलं.

आता खरी पंचाईत झाली. दोन्हीकडे आठवड्यात उत्तर द्यायचं होतं. सासूबाईंचं मशीन साफ करायला म्हणून त्या दोघी आल्या होत्या. मशीन माझ्या टेबलावर सुटं पडलेलं, सासूबाई शेजारी स्वस्थ बसलेल्या, आणि बाई मला सांगत होत्या. पुण्याची कंपनी केव्हा बंद पडेल याचा भरवसा नाही. नवरा म्हणतो, या वयात माणसं स्थिरावतात, तू उठायला निघालीस. लेकीचं कॉलेज अजून ठरायचंय. आणि बंगळूरला निदान सगळे एकत्र राहतील, आईंची आबाळ होणार नाही.

“आईंना विचारलंत?” मी म्हटलं.

“नाही. त्यांना कशाला घोर! त्यांच्यासाठी म्हणून तरी बंगळूरच घ्यावं असं वाटतं.”

मीही तेच म्हटलं. “बंगळूर घ्या. हातातलं सोडू नये.” मी लपवत नाही, माझा सल्ला अस्सल दुकानदाराचा होता.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. कानात मशीन नव्हतं, त्यामुळे आवाज चांगला चढलेला.

“मला बंगळूर नको. तिथे भाजीवालीशी भांडायचं कुठल्या भाषेत?”

आम्ही दोघं दचकलो. बाई म्हणाल्या, “आई, तुम्हाला ऐकू आलं?”

“ऐकू कशाला यायला हवं? वर्ष झालं तुझे ओठ वाचते आहे. बातम्यांपेक्षा बरं कळतं.” मग त्यांनी सुनेच्या मांडीवर हात ठेवला. “भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हण. ती तुझी आहे. माझ्या नावावर घालू नकोस.”

बाईंनी मान खाली घातली. मी उगाचच साफ झालेलं मशीन परत साफ करत राहिलो.

“वाटते, आई,” शेवटी त्या म्हणाल्या.

“काय?” सासूबाई ओरडल्या. “खाली बघून बोललीस तर मला कसं कळणार!”

आणि मग त्या दोघी हसत सुटल्या, डोळे पुसत.

त्या पुण्याला गेल्या. सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी रात्री यायचं. नवऱ्याने भाकऱ्या थापायला शिकून घेतलं. पहिल्या दोन महिन्यांतल्या भाकऱ्यांवर सासूबाई माझ्याकडे येऊन सविस्तर बोलत. एकतीस वर्षांच्या साहेबाला त्या ‘सर’ म्हणत, आणि तो यांना ‘मॅडम’. चिपचा नकाशा कारखान्यात गेला की चिप हातात यायला महिने लागतात, आणि तोवर काहीच बदलता येत नाही. ते महिने त्यांनी नखं खात काढले.

पहिली चिप आली ती बिघडलेली. आवाज स्वच्छ होता, पण जो सेल आठवडाभर चालायला हवा तो दोन दिवसांत संपायचा. मशीन काढून डबीत ठेवलं की चिपने झोपायला हवं, आणि ही डबीतही टक्क जागी. त्या शनिवारी दुकानात आल्या, चहा घेतला, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, “चूक माझ्या भागातली आहे.” सांगायची गरज नव्हती. मला त्यातलं काय कळणार होतं? कुणावरही ढकलता आलं असतं. पुण्यातही त्यांनी हेच वाक्य, साहेबाच्या आणि सगळ्या पोरांच्या समोर, पहिल्याच मीटिंगला म्हटलं होतं. कंपनीत पैसे घालणारे कुरकुरले, दोन माणसं सोडून गेली. त्या राहिल्या, आणि जिथे चूक झाली होती ती जागा शोधून काढली. नवरा त्या काळात एकदाही “मी सांगितलं होतं” म्हणाला नाही. सासूबाई रोज म्हणत होत्या, की “पुण्याला जा असं मी सांगितलं होतं, न झोपणारी चिप कर असं नव्हे.”

दुसरी चिप वर्षाने आली. चाचणीची सहा मशीनं घेऊन त्या आल्या आणि त्यातलं एक दुमिंगकाकांच्या कानात आम्ही नंदाखालच्या चर्चमध्येच बसवलं, शनिवारच्या सरावाला. मी आणि त्या शेवटच्या बाकावर. ऑर्गन सुरू झाला. सूर लांबला. काका आमच्याकडे पाठ करून उभे होते, त्यामुळे काहीच कळेना. बाईंनी बाकाची कड धरून ठेवली होती. मग इतरांच्या खालून एक जाड, थोडा कापरा, पण पक्का सूर निघाला आणि शेवटपर्यंत टिकला.

सराव संपल्यावर काका आले. “थरथर नाय आता,” ते म्हणाले. “पण बाजूचा मोन्या किती बेसूर गातो ते आज कळलं. चाळीस वर्षं मी त्याला सांभाळून घेत होतो.”

बाई हसल्या, मग अवघडल्या. मशीन चाचणीचं होतं, परत न्यायचं होतं. काकांनी स्वतःच काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“बाजारात कधी येईल?”

“वर्ष तरी लागेल, काका.”

काकांनी हिशेब केल्यासारखं वर बघितलं. “असेल माझ्याकडे वर्ष,” ते म्हणाले.

वर्षाच्या जागी चौदा महिने लागले. ती मशीनं आता माझ्या कपाटात आहेत, आणि काकांचं मी माझ्या हाताने बसवलं. खोक्यावर कंपनीचं नाव आहे, बाईंचं नाही. कुणाचंच नसतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मशीनं बाजारात यायच्या आधी, त्यांनी इथला फ्लॅट भाड्याने दिला त्या दिवशी. लेक आधीच पुण्यात कॉलेजला होती, आता नवऱ्यानेही बदली घेतली. सामानाचा टेम्पो पुढे निघाला होता, मागे त्यांची गाडी. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून सासू-सुनेचा वाद होऊन सासूबाई जिंकल्या होत्या. मी रस्त्याच्या या कडेला उभा. टेम्पोने रेस दिली, मागून रिक्षांनी हॉर्न लावले, आणि बाईंनी काच खाली करून, मान बाहेर काढून मला काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं. एकही शब्द मला ऐकू आला नाही.

ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं अशा वेळी काय करतात, हे मी रोज बघतो. मीही तेच केलं. जोरजोरात मान डोलावली, हसलो, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिलो.